दोन सामने, एक निकाल

कुस्तीचा फड आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. दोन मल्ल आखाड्यात उतरतात, एकाची पाठ मातीला लागते, हलगी थांबते आणि निकाल लागतो. हरलेला पैलवान दुसऱ्या दिवशी येऊन "कालची कुस्ती अर्धीच होती, उरलेली आज धरू" असे म्हणत नाही. म्हटले तर लोक हसतील. परंतु फुटबॉलच्या खेळात अशी एक लढत आहे, की जिच्यात पहिला सामना हा खरोखरच अर्धा असतो. त्या दिवशी हरलेल्याला चार-पाच दिवसांनी पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते आणि जिंकलेल्याला आपला विजय पुन्हा एकदा राखावा लागतो. या दोन सामन्यांच्या मधले दिवस खेळाडू सरावात घालवतात. पाठीराख्यांना मात्र कसलेच काम नसते. त्यांनी फक्त वाट पाहायची! आणि समोरचा संघ जुना वैरी असला, तर ती वाट पाहणे किती जड जाते, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक.

या लढतीची रीत काय, तिचा हिशेब कसा करतात, आणि अशा वेळी पाठीराख्याने काय करावे, हे आज थोडे समजावून घेऊ. उदाहरण दूरचे नको. आपल्या शेजारचेच घेऊ. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला गोवा.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तीत मुंबई सिटी आणि एफ. सी. गोवा हे दोन्ही संघ पहिल्या वर्षापासून आहेत. स्पर्धेचे दोन भाग असत. आधी साखळी सामने, म्हणजे प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळायचे आणि गुण जमवायचे. नंतर वरच्या क्रमांकांच्या संघांची बाद फेरी. तिच्यातली उपांत्य फेरी दोन सामन्यांची असे. एक सामना आपल्या घरच्या मैदानावर, दुसरा परक्या मैदानावर. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज मोठी तो अंतिम सामन्याला गेला. बेरीज सारखी झाली तर दुसऱ्या सामन्यानंतर तीस मिनिटे जादा खेळ, आणि तरीही कोंडी फुटली नाही तर पेनल्टीचे फटके. साखळीत ज्याचा क्रमांक वरचा, त्याला दुसरा सामना घरी मिळे. शेवटचा घाव आपल्या अंगणात घालायला मिळावा, हे त्या चांगल्या क्रमांकाचे बक्षीस.

आता तुम्ही म्हणाल, यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? बेरीज तर तिसरीतल्या पोरालाही येते. खरे आहे. पण या बेरजेत एक गंमत आहे. सामना जिंकणे आणि लढत जिंकणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. मुंबई आणि गोवा २०१९, २०२१ आणि २०२४ अशा तीन वर्षी उपांत्य फेरीत समोरासमोर आले. या तीन लढती तीन धड्यांसारख्या आहेत. त्या क्रमाने पाहू.

पहिला धडा २०१९ चा. त्या मोसमात साखळीत गोवा दुसरा होता आणि मुंबई तिसरी. म्हणून पहिला सामना ९ मार्चला मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला. पहिला गोल मुंबईनेच केला. घरचे मैदान, घरचे लोक, पहिला गोल आपला! प्रेक्षकांना वाटले, निम्मे काम झाले. पण नंतर गोव्याने एकामागून एक असे पाच गोल चढवले. त्यांतले दोन मुर्तदा फॉल या सेनेगलच्या उंचापुऱ्या बचावपटूचे. गोवा ५, मुंबई १. तीन दिवसांनी, १२ मार्चला, मडगावजवळच्या फातोर्ड्याला दुसरा सामना झाला. मुंबईने सुरुवातीलाच एक गोल केला, आणि सामना १-० असा जिंकला. परक्या मैदानावर, हजारो विरोधी प्रेक्षकांसमोर जिंकला. तरीही बाहेर पडली ती मुंबईच. कारण बेरीज गोवा ५, मुंबई २. दुसरी चकमक जिंकली आणि मोहीम हरली! त्या दिवशी फातोर्ड्याचे लोक पराभव पाहून नाचत घरी गेले. ज्याला ही बेरीज ठाऊक नाही, त्याला ते दृश्य वेड्यांचा बाजार वाटले असते.

यातून पाठीराख्याने शिकायचे ते हे, की पहिल्या सामन्यात हार झाली तरी ती किती गोलांनी झाली याला महत्त्व आहे. सामना हातचा गेला असे दिसले, म्हणून उठून घरी जाऊ नये. शेवटच्या मिनिटाला टाळलेला एक गोल किंवा चढवलेला एक गोल पुढच्या आठवड्यात उपयोगी पडतो. बँकेत ठेवलेल्या रुपयासारखा तो असतो. आणि अंगावर घेतलेला गोल हा सावकाराच्या कर्जासारखा. तो पुढच्या सामन्यात फेडावाच लागतो.

दुसरा धडा २०२१ चा, आणि तो अगदी निराळ्या दिवसांतला. करोनाच्या साथीमुळे त्या मोसमाचे सगळे सामने गोव्यातच, प्रेक्षकांवाचून खेळवले गेले. त्यामुळे घर आणि परके हा भेद कागदावरच उरला. साखळीत मुंबई पहिली, गोवा चौथा. ५ मार्चला फातोर्ड्याच्या रिकाम्या मैदानावर २-२ अशी बरोबरी झाली. गोवा दोनदा पुढे गेला आणि दोन्ही वेळा मुंबईने गाठले. यातला शेवटचा, बरोबरी साधणारा गोल कोणाचा? त्याच मुर्तदा फॉलचा! दोन वर्षांपूर्वी गोव्यासाठी दोन गोल करणारा हा गडी आता मुंबईकडून खेळत होता. ८ मार्चला बांबोळीच्या मैदानावर एकशेवीस मिनिटे खेळून कोणाचाच गोल झाला नाही. पेनल्टीची वेळ आली, तशी दोन्ही प्रशिक्षकांनी अगदी शेवटी आपापले गोलरक्षक बदलले. फटके अडवण्यात जो वाकबगार, तो आत. अखेर मुंबईने ६-५ अशी ही चढाओढ जिंकली. निर्णायक फटका मारला रॉलिन बोर्जिसने, म्हणजे गोव्याच्याच मुलाने.

इथे थोडे थांबून मैदानाविषयी बोलू. घरच्या मैदानाचा लाभ म्हणजे नेमके काय? गवत ओळखीचे असते, प्रवासाचा शीण नसतो, रात्री आपल्याच अंथरुणावर झोप मिळते. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसांचा आवाज. हजारो लोक एका सुरात ओरडू लागले, की दमलेल्या खेळाडूच्या पायात बळ येते आणि पाहुण्या संघाचा पाय कचरतो. पंच हासुद्धा माणूसच असतो, आणि त्याच्या कानावरही तो आवाज पडतच असतो. साथीच्या काळात युरोपातले सामनेही रिकाम्या मैदानांवर झाले. तेव्हा पुष्कळ ठिकाणी असे आढळले, की घरच्या संघाचे पारडे पूर्वीइतके जड राहिले नाही. म्हणजे पाठीराखा हा केवळ बघ्या नाही. तोही खेळाचा एक भाग आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो.

परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त किंमत द्यावी, असाही एक नियम फुटबॉलमध्ये बरीच वर्षे होता. युरोपातल्या स्पर्धांत तो १९६५ पासून लागू झाला. दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली, तर ज्याने परक्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे जाई. पाहुण्या संघाने नुसते बचावाला बसू नये, धीटपणे हल्ला करावा, हा त्यामागचा हेतू. पण पुढे उलटेच होऊ लागले. घरी खेळणारा संघच "आपल्यावर गोल होऊ नये" या भीतीने हात राखून खेळू लागला. शेवटी २०२१ मध्ये युरोपीय संघटनेने तो नियम काढून टाकला. नियम चांगल्या हेतूने केला, तरी माणसे त्यातून कोणती वाट काढतील हे आधी सांगता येत नाही. शिक्षकमंडळींना हे शाळेच्या अनुभवावरून पटेल.

तिसरा धडा २०२४ चा. माझ्या मते तिन्हींत हा सर्वांत मोठा. त्या वर्षी मुंबई दुसरी आणि गोवा तिसरा होता. १५ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानकडून २-१ ने हार झाल्यामुळे साखळीतला पहिला क्रमांक मुंबईच्या हातून अगदी शेवटच्या दिवशी निसटला होता. पाठीराखे कष्टी होते. गोव्याने २० एप्रिलला चेन्नईला बाद केले होते आणि तिकडे उत्साह होता. २४ एप्रिलला फातोर्ड्याला पहिला सामना. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोवा २-० असा पुढे गेला. नव्वदावे मिनिट लागले तरी हीच स्थिती. गोव्याच्या लोकांनी दुसऱ्या सामन्याची स्वप्ने रंगवायला सुरुवात केली असणार. दोन गोलांची शिदोरी घेऊन मुंबईला जायचे! आणि तेवढ्यात छांगतेचा गोल झाला. लगेच विक्रम प्रताप सिंगचा दुसरा. आणि वाढीव वेळेत पुन्हा छांगतेचा तिसरा. मिझोरमच्या या चपळ खेळाडूने सहा-सात मिनिटांत सामना फिरवला. हातातोंडाशी आलेला घास गेला. गोवा २, मुंबई ३.

आता पुढचा सामना २९ एप्रिलला मुंबईत. मधे पाच दिवस. या पाच दिवसांत दोन्हीकडच्या पाठीराख्यांच्या मनात काय चालले असेल, हे हिशेबाने पाहा. फळ्यावर मांडता येईल असा हा हिशेब आहे. गोव्याला सामना दोन गोलांच्या फरकाने जिंकला तर लढत जिंकता येत होती. एका गोलाने जिंकला तर बेरीज सारखी, म्हणजे निकाल पुढे ढकलला. सामना बरोबरीत सुटला तर मुंबई पुढे. म्हणजे मुंबईला नुसते न हरणे पुरेसे होते. कागदावर मुंबईचे काम सोपे आणि गोव्याचे अवघड.

पण पाठीराख्याचे मन कागदावर चालत नाही. मुंबईवाल्याला २०१९ आठवते. तेव्हाही घरच्या मैदानावर पहिला गोल आपण केला होता, आणि पुढे पाच खाल्ले! त्याच्याही आधीचे, १७ नोव्हेंबर २०१५ चे, फातोर्ड्याचे ७-० आठवते. त्या दिवशी गोव्याच्या दोन खेळाडूंनी एकाच सामन्यात प्रत्येकी तीन गोल केले होते. तो म्हणतो, "पुढे आहोत खरे, पण एका गोलानेच. एक गोल काय, कॉर्नरवरून जाता जाता होतो." उलट गोवेकराच्या मनात रुखरुख आहे, पण आशाही आहे. तो म्हणतो, "नव्वद मिनिटे आम्हीच चांगले खेळलो. मुंबई खेळली ती सहा मिनिटे. पुन्हा नव्वद मिनिटे तसेच खेळलो तर?" जो पुढे आहे त्याला भीती, आणि जो मागे आहे त्याला आशा! पीक कापणीला आलेले असताना आभाळाकडे जास्त कोण बघतो? ज्याचे पीक चांगले आले आहे तोच. तसेच हे आहे.

काही उतावळे मात्र दोन्हीकडे असतात. पहिला सामना संपतो न संपतो, तोच ते अंतिम सामन्याच्या गाडीची तिकिटे बघू लागतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अनुभवी पाठीराखा असे करत नाही. तो आपल्या संघातला कोण जायबंदी आहे, कोणाला पिवळी कार्डे झाल्यामुळे बसावे लागेल, समोरचा प्रशिक्षक कोणता बदल करील, हे बघतो. आणि रात्री कोकणकन्येत बसून दुसऱ्याच्या गावी जायची तयारी करतो. मुंबई-मडगाव हा प्रवास एका रात्रीचा. अंधेरीचे मैदान लहान, दहा हजारांहूनही कमी माणसांचे. तिथे पाहुण्यांचा कोपरा तर अगदीच चिमुकला. पण त्या कोपऱ्यातून उठणारा आवाज आपल्या खेळाडूंना बरोबर ऐकू जातो, असे सांगतात.

निकाल तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईने दुसरा सामना २-० असा जिंकला. बेरीज मुंबई ५, गोवा २. म्हणजे २०१९ ची बेरीज तशीच्या तशी, फक्त उलटी! पाच वर्षांनी व्याजासकट नव्हे, पण मुद्दल पुरेपूर फिटले. पुढे ४ मे रोजी मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून करंडक घेतला. मुंबईचा कर्णधार होता राहुल भेके. हे नाव गोवेकरांच्या चांगले लक्षात आहे. २०१९ चा अंतिम सामना गोवा हरला, तो बंगळूरूकडून खेळणाऱ्या याच भेकेच्या, जादा वेळेत डोक्याने मारलेल्या गोलामुळे.

आणि आता मूळ मुद्द्यावर येतो. या तीन लढतींतली माणसे पाहा. मुर्तदा फॉल आज गोव्याचा, उद्या मुंबईचा. गोव्याला खेळाची एक सुंदर शैली देणारे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये मुंबईत आले, आणि त्यांच्यामागोमाग गोव्याच्या संघातले कितीतरी खेळाडू. त्यांत मंदार राव देसाईसारखा अस्सल गोवेकरही होता. मुंबईला २०२१ साली वाचवणारा शेवटचा फटका गोव्याच्याच मुलाचा. मग वैर कोणाचे कोणाशी? सदऱ्याच्या रंगाशी? सदरा तर हंगामागणिक बदलतो. चुरस ही खेळाची गोडी आहे, हे मान्य. तिच्याशिवाय खेळ म्हणजे मीठ नसलेले कालवण. पण मिठाने कालवण खारट होऊ नये, एवढे सांभाळले पाहिजे.

हे सांगण्याला कारण आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या संघांचा सामना होता. प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि सोळा माणसे प्राणाला मुकली. सामना बघायला घरून निघालेली सोळा माणसे परत गेली नाहीत. बंगालमध्ये तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात. रक्त सांडण्याऐवजी रक्त देणे, यापेक्षा चांगले स्मरण कोणते?

आपल्याकडे कोल्हापूरच्या लोकांना हे फार सांगायला नको. तिथे फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे तालमींची आणि तीच संघांचीही. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला, की गाव दुपारपासूनच तिकडे लोटते. त्या चुरशीतून अनिकेत जाधवसारखा मुलगा पुढे आला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याच चुरशीतून कधी कधी हुल्लडही होते, पोलिसांना काठ्या घेऊन उभे राहावे लागते, आणि मग आईबाप मुलाला म्हणतात, "नको तो फुटबॉल!" एका दगडाने एखादा खेळाडू घडायचा राहून जातो.

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. दोन गावांच्या शाळांचा सामना ठरवाल, तेव्हा तो एकच ठरवू नका, दोन ठरवा. एक या गावात, एक त्या गावात, आणि गोलांची बेरीज फळ्यावर लिहून ठेवा. फुटबॉल नसेल तर कबड्डीच्या गुणांनाही हीच रीत चालेल. यात गणित तर आहेच, पण त्याहून मोठी एक शिकवण आहे. या आठवड्यात आपण यजमान, पुढच्या आठवड्यात पाहुणे. आज जे पाणी आपण त्यांना द्याल, तेच उद्या आपल्याला मिळणार. आज ज्या शब्दांनी त्यांच्या गोलरक्षकाला चिडवाल, ते शब्द उद्या त्यांच्या गावात तुमची वाट पाहत असतील. ही समज एका सामन्यात येत नाही, दोन सामन्यांत आपोआप येते. मधल्या दिवसांत मुलांना विचारा, आपल्याला पुढे जायला किती गोल हवेत? आणि त्यानंतर हेही विचारा, समोरच्या संघात सगळ्यात चांगला कोण खेळला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे देतील. दुसऱ्याचे उत्तर मोकळ्या मनाने देणारी मुले ज्या शाळेत असतील, तिथे हारजीत काहीही होवो, खेळ रुजला असे समजावे.

ज्या संघाची धास्ती वाटते, ज्याच्या नुसत्या नावाने झोप उडते, तो समोर आहे म्हणूनच आपला संघ जीव तोडून खेळतो. गोवा नसता तर मुंबईची ती सहा मिनिटे झाली नसती, आणि मुंबई नसती तर गोव्याचे ते पाच गोल कोणाच्या लक्षात राहिले असते? तेव्हा पाठीराख्याने आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडावे, बेरजा मांडाव्यात, देवाला नारळही बोलावा. आणि सामना संपल्यावर पलीकडच्या कोपऱ्यातल्या पाहुण्याला स्टेशनची वाट दाखवावी. त्याला रात्रीची गाडी पकडायची असते.